गोधडीचं टोक

घट बसायच्या आधीच्या बुधवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, नदीला पूर आला. गावात त्या दिवशी पाऊस नव्हता, ऊन होतं. घाटावर बायका गोधड्या धूत होत्या. एक सोडून सगळ्या वर आल्या. जी आली नाही ती माझी मोठी आई, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, अनसूया.

बीटी कपाशी गावात येऊन तेव्हा तिसरं वर्ष होतं.

त्या घाटावर मी यंदा पुन्हा गेले. हबीबचाचांचा निरोप आला होता. चाचा गावचे पिंजारी. डोळे गेल्यामुळे घर बंद करून ते खामगावला लेकीकडे राहायला निघाले होते. निरोप एवढाच होता की येऊन जा, तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे. एसटी संग्रामपूरच्या पुढे उत्तरेला वळली, सातपुड्याची निळी रेघ जवळ आली आणि फाट्यावर उतरल्यावर मी चाचांकडे न जाता आधी नदीवर गेले.

घाटाच्या अकरा पायऱ्या होत्या. आता चार दिसतात. बाकीच्या गाळाखाली आहेत आणि गाळावर बेशरमाची झुडपं वाढली आहेत. पात्र पलीकडच्या काठाला सरकलं आहे. कपडे धुण्याचे दगड कुठे होते ते मी पावलं मोजून काढलं. तिथे एक म्हैस बसली होती.

पितृपक्षाचे शेवटचे दिवस म्हणजे गोधड्या धुण्याचे दिवस. घट बसण्याआधी घरातलं एकूण एक कापड पाण्यातून काढायचं, ही रीत. सकाळी गोधड्या अंगणात काढल्या की वर्षाचा वास एकदम बाहेर यायचा. डोक्याच्या तेलाचा, धुराचा, लहान मुलांच्या मुताचा, आजारपणातल्या बामाचा. कोणती गोधडी कोणाची हे डोळे मिटून सांगता यायचं. मग चुलीची राख, रिठे, धुण्याचा सोडा, गोधड्या बडवायच्या लाकडी मोगऱ्या आणि दुपारच्या भाकरी टोपल्यात घेऊन बायका नदीवर निघायच्या. शेतात बोंडं फुटायला लागलेली असत. वाटेवरच्या कपाशीवर नुकती फवारणी झालेली असली की नाकाला पदर लावून पुढे जायचं. त्या औषधाचा वास गोड होता. तो गोड होता हे मला नीट आठवतं.

कोरडी गोधडी एक बाई खांद्यावर नेते. ओली गोधडी दोघींना उचलत नाही. वाहत्या पाण्यात तिला बडवायची, तर दोन्ही हात मोगरीला लागतात. गोधडी धरणार कोण? म्हणून आमच्या घाटावर गोधडीचं एक टोक पदराच्या टोकाला बांधायचं. गोधडी पाण्यात पसरायची, बाई पोटरीभर पाण्यात उभी राहायची आणि नदी दोघींना ओढत राहायची. ही पद्धत मी दुसऱ्या कोणत्या गावात पाहिलेली नाही.

बांधायची ती सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटणारी. हे शिकवण्याचं काम मोठ्या आईचं होतं. नवी सून घाटावर आली की ती तिच्या हातावर चापट मारून शिकवायची.

"निरगाठ मारू नको वं. पाणी पेल्यावर निरगाठ दातानंही सुटत नाही. हे टोक बाहेर ठेव. असं. आता ओढ. सुटली? मंग जाय पाण्यात."

मी तेव्हा कॉलेजात होते, माझ्या अंगावर लुगडं नव्हतं, ओढणी होती. मोठ्या आईनं ओढणीलाही तीच गाठ शिकवली.

गोधड्या भरायचे हबीबचाचा. त्यांच्या ओसरीत आढ्याला दोरीनं टांगलेलं पिंजण असे, कापूस पिंजायचं धनुकलं, माणसाहून लांब. त्याच्या तातीवर, ताणलेल्या तारेवर, लाकडी मुठीचा ठोका बसला की एक जाड, घुमणारा आवाज यायचा, मागोमाग बारीक थरथर. दिवाळीनंतर दोन महिने तो आवाज गावभर असायचा. घरात भाकरी थापायची लय आणि तो ठोका कधीकधी एकत्र यायचे. चाचांच्या भुवया, पापण्या, नाकातले केस, सगळ्यावर कापूस. हिवाळ्यात ते म्हातारे दिसायचे आणि उन्हाळ्यात पुन्हा तरुण.

त्यांना देशी कापूस आवडायचा. आखूड धाग्याचा, खरबरीत.

"देशी रुसत नाही," ते म्हणायचे. "धुतला, वाळवला, पिंजला की उठून बसते. हा नवा लांब आहे, पांढरा आहे, सगळं खरं. पण एकदा बसला की बसला. मोठ्या घरचा जवाई."

बीटी आली तशी देशीची तासं, म्हणजे ओळी, धुऱ्यापुरती, बांधाच्या कडेपुरती उरली. पुढच्या वर्षी धुऱ्यावरूनही गेली. त्याच दिवसांत गोधडीचं कापडही बदललं. जुनी सुती लुगडी कमी झाली होती. बियाण्याच्या दुकानावर आणि पारावर जाहिरातीचे लांबच लांब कापडी फलक लागायचे, पिवळे, मधोमध डोक्याएवढं पांढरं बोंड. पेरणी संपली की ते कोणाचेच नसत. मोठ्या बाबांनी, म्हणजे मोठ्या आईच्या नवऱ्यानं, बीटीच्या दुसऱ्या वर्षी एक फलक सोडून आणला. कापड मजबूत होतं, चकचकीत होतं, पाणी पीत नव्हतं. मोठ्या आईनं त्याचा गोधडीला खालचा थर केला. चाचांनी भरली.

ती गोधडी त्याच वर्षी नदीत गेली. कापड इतकं गुळगुळीत होतं की सुरगाठ धरेना. मोठी आई मोगरी मारत होती आणि गोधडी आपोआप निसटून बोंड वर करून वाहत गेली. घाटावरच्या सगळ्या बायका हसत होत्या.

"अनसूये, कंपनीची फुकट जाहिरात करून राह्यली का वं?"

"करू दे. खालच्या गावच्या मासोळ्या पेरतील बीटी."

ती हात हलवत घरी आली. मोठे बाबा ओट्यावर हबीबचाचांसोबत चहा पीत होते. नवीन गोधडी गेली म्हटल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली.

"गोधडी गेली, त तू काऊन आली?"

"पुढच्या खेपी नाही येणार. मंग थापजा भाकरी आपल्या हातानं."

चाचा हसले. मी हसले. मोठे बाबाही हसले. मोठी आई सगळ्यांत जास्त हसली आणि चहाची कपबशी उचलून आत गेली.

पुढच्या वर्षी मोठ्या बाबांनी पुन्हा एक फलक आणला आणि पुन्हा तशीच गोधडी झाली.

त्या बुधवारी आम्ही दोघी अकराला घाटावर पोचलो. माझ्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होती, तिच्याकडे पिवळी. माझी गाठ तिनं पाहिली. तिनं आपल्या गोधडीला गाठ मारली, पाण्यात टाकली, ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. "हे तुह्या मोठ्या बाबाच्या जिभीसारखं आहे," ती म्हणाली, "कुठी टिकतच नाही." तिसऱ्यांदा तिनं गाठ मारली तेव्हा मी मोगरी शोधत होते. माझी पाठ तिच्याकडे होती.

उत्तरेला, डोंगरावर, काळं होतं. ते सकाळपासून होतं. सातपुडा काळा आणि आमच्यावर ऊन, हे त्या महिन्यात रोजचंच. भाकरी खाऊन झाल्या. हिरव्या मिरचीचा ठेचा होता आणि कोणीतरी आंबाडीची भाजी आणली होती. दोनच्या पुढे पाणी कमी व्हायला लागलं. पोटरीचं पाणी घोट्याला आलं. घाटाखालची वाळू उघडी पडली, जी आषाढापासून कोणी पाहिली नव्हती.

"पाणी आटलं का काय वं?"

"वरच्यांनी अडवलं असंन वावरात घ्याले."

पाणी कमी झालं म्हणून आम्ही खाली सरकलो. पाण्यामागे पाण्यामागे, वीस-पंचवीस पावलं, पात्राच्या मधोमध. तिथे धार होती. गोधड्या पुन्हा पसरल्या. वर डोंगरात दरड नाल्यात बसली होती, तिच्यामागे पाणी तुंबलं आणि नंतर ती फुटली, असं पुढे जंगलात जाणाऱ्या माणसांनी सांगितलं. ते ठिकाण मी पाहिलेलं नाही.

आधी वास आला. कुजलेल्या सागाच्या पानांचा आणि ओल्या मातीचा, थंड. मोगऱ्या एकेक करून थांबल्या. मग पाण्यावर हिरवी, कच्ची सीताफळं आली, दहा-बारा, एकमेकांना टेकून. मोठ्या आईनं ती पाहिली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं वाकून माझ्या गाठीचं टोक ओढलं. गाठ सुटली.

"पळ."

मी पळाले. वाळू ओली होती, पाय रुतत होते. घाटाच्या सातव्या पायरीवर मी मागे वळले. तेव्हा खाली पायऱ्या नव्हत्या. तांबडं पाणी होतं, त्यात झाडं होती, मुळांसकट. आवाज एवढा होता की शेजारी उभी असलेली बाई तोंड उघडून ओरडत होती आणि मला ती फक्त दिसत होती.

पाणी दिवेलागणीपर्यंत उतरलं. सकाळी काठचं वावर वावर राहिलं नव्हतं. फुटलेल्या बोंडांसकट कपाशी गेली होती, काळी माती खरडून गेली होती आणि खालचा पांढरा मुरूम उघडा पडला होता. उरलेल्या झाडांच्या बोंडांतला कापूस गाळानं राखाडी झाला होता. त्या वर्षी आमच्याकडे सीतादही झालं नाही. पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभात शिंपडतात, तेव्हा तो शिंपडण्याचा मान मोठ्या आईचा होता.

तिसऱ्या दिवशी निरोप आला की खालच्या गावी बाभळीत एक पिवळी गोधडी अडकली आहे. मोठे बाबा जागचे उठले नाहीत. हबीबचाचा बैलगाडी घेऊन गेले. दिवस मावळता परत आले. गोधडी पोलीस पाटलाच्या ओट्यावर उतरवली, तेव्हा तिच्यातून अजून पाणी गळत होतं. मोठे बाबा तिथे आले. त्यांनी गोधडी चारी बाजूंनी चाचपली.

"टोक कुठी आहे, हबीब?"

"बाभळीतच राह्यलं. काटे लय होते."

पंचनाम्यात नोंद आहे: एक गोधडी, ओली, पिवळी, एक कोपरा नाही. तो कागद मी पाहिला आहे. वर्तमानपत्रातली बातमी चार ओळींची होती. त्यात मोठ्या आईचं नाव चुकीचं होतं. मी पुढे वर्तमानपत्रात नोकरी केली, नावं तपासण्याचंच काम केलं.

मोठी आई सापडली नाही.

गावानं आपलं ठरवलं की ती गोधडीपायी गेली, सोडवेना तिला. त्या हिवाळ्यापासून मोठ्या बाबांनी गोधडी अंगावर घेतली नाही. पौषात, डोंगरावरचं वारं सुटलं की, एक सुती चादर घेऊन ते ओट्यावर बसून राहायचे. सुनेनं गोधडी आणली की ते ती घडीनं परत द्यायचे. त्यांचा एकच प्रश्न होता. चाचांना विचारायचे, खालच्या गावच्या माणसांना विचारायचे, मी सुट्टीत गेले की मलाही विचारायचे, जणू पहिल्यांदाच.

"टोकाची गाठ पाह्यली का कोणी? सुरगाठ होती का निरगाठ, एवढंच मले पाह्यजे."

का पाहिजे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. चहाची ती संध्याकाळ ज्यांनी पाहिली होती त्यांना सांगायची गरज नव्हती.

हबीबचाचांच्या घरात सामान बांधून झालं होतं. पिंजणाची तात काढलेली होती आणि नुसतं लाकूड भिंतीला टेकवलेलं होतं. आढ्याला दोरी तशीच होती. चाचांनी पत्र्याची पेटी हातानं चाचपून पुढे ओढली, कात्री, सुया, मेणाचा गोळा बाजूला केला आणि तळातून फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली.

"बाभळीत नव्हतं राह्यलं, बेटा. म्याच कापलं. रस्त्यात गाडी उभी केली अन् कात्रीनं कापलं."

"आणि मोठ्या बाबांना खोटं सांगितलं."

"हाव. दरसाल सांगतो. दरसाल तो विचारते अन् मी बाभळीचं नाव सांगतो. त्या बाभळीले माहीत असतं त तिनं मले शिव्या देल्ल्या असत्या."

"कापलं कशाला, चाचा?"

"सोडून पाह्यली पहिले. सुया लावल्या, दात लावले. नाही सुटली. मंग समजलं कोणती आहे." त्यांनी पेटीचं झाकण चाचपलं. "त्याच्यासमोर कशी नेऊ? त्या रोजी चहा घेत मीही होतो ना तिथं. मीही हसलो होतो."

मी पुरचुंडी सोडली. हातभर लांबीचा कोपरा. पिवळं कापड, बोंडाचा छापील पांढरा रंग अर्धा उडालेला. त्यात गुंतलेला हिरव्या लुगड्याचा पदर, चार बोटं, पुढे दोरे निघालेले. दोन्हीच्या मधे आवळ्याएवढी गाठ, गाळानं दगडासारखी झालेली. मी ती उजेडात धरून दोन्हीकडून पाहिली. ओढायचं टोक कुठेच नव्हतं. निरगाठ होती, वर आणखी एक मारलेली.

"तू पेपरवाली," चाचा म्हणाले. "तुमच्यात जसं असंन तसं सांगतात. म्हणून तुले बलावलं. मी उद्या चाललो. त्याले सांगायचं का नाही, ते मले इतक्या सालात ठरवता नाही आलं."

मी कोपरा पुन्हा फडक्यात बांधला आणि पेटीत, होता तिथे, ठेवला.

"तुमच्यासोबत जाऊ द्या."

"अन् तो?"

"मी जाते आहे त्यांच्याकडे."

मोठे बाबा ओट्यावर बसले होते. आता त्यांना काठी लागते, पण कान शाबूत आहेत. पायरीवर माझं पाऊल वाजताच त्यांनी ओळखलं. सून पाणी देऊन आत गेली. समोरच्या घराच्या भिंतीला कपाशीच्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या, त्यांचा कोरडा वास येत होता.

"हबीबकडून आली?"

"हो."

"चालला म्हणते तो."

"उद्या सकाळी. जावई गाडी घेऊन येणार आहे."

"चांगलं आहे. लेकीच्या घरी तरी मऊ खाईन. इथं कोण होतं त्याले." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "टोक भेटलं का त्याले?"

"भेटलं, मोठे बाबा."

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"तू पाह्यली गाठ? आपल्या डोळ्यानं?"

"पाहिली."

"कोणती होती?"

"सुरगाठ."

"नीट पाह्यली?"

"नीट पाहिली. टोक बाहेर होतं."

"मंग ओढली काऊन नाही तिनं?"

"सवड नाही मिळाली."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुही सोडली ना तिनं पहिले."

"हो. माझी सोडली."

दोन पोरी सायकलवरून गेल्या, त्यांतली एक "राम राम आबा" म्हणाली, मोठ्या बाबांनी हात वर केला. मग ते म्हणाले, "शिकवलीच होती तशी तिनं सगळ्याले. सुरगाठ." आणि थोड्या वेळानं पुन्हा, "शिकवलीच होती."

साडेसहाला जेवणं झाली. वारं उत्तरेकडून होतं. मोठ्या बाबांनी सुनेला हाक मारली आणि खाटेवर गोधडी टाकायला सांगितलं.